झालरीचं स्टेशन

आगगाडीचा आवाज आला की आत्या हातातली कात्री मिटवायच्या. गाडी गेली की उघडायच्या.

टाचण्या ओठांत धरून बोलायच्या. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला.

चहा उभ्यानं प्यायच्या आणि कप खिडकीत विसरायच्या. संध्याकाळी घरभरच्या खिडक्यांतून कप गोळा करावे लागायचे.

कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकी, मग खुर्ची, मग घरातली माणसं.

शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात करायच्या. त्यानं उलट हात केला नाही, तर दिवसभर त्याचा उद्धार चालायचा.

कुठल्याही स्टेशनात शिरल्या की वर बघायच्या, छपराच्या कडेला. समोर बघायला मी होते.

पडदे फार सुबक शिवायच्या. फक्त रुळांकडच्या खिडकीचा पडदा वीतभर आखूड व्हायचा. माप घेताना गाडी आली की टेप हातातून सुटायचा. गाडी गेल्यावर त्या टेप पुन्हा लावायच्या नाहीत, लक्षात असेल तो आकडा सांगायच्या. गिऱ्हाईक तक्रार करायचं. आत्या मनापासून माफी मागायच्या, खाली पट्टी जोडून द्यायच्या, आणि त्या निमित्तानं त्या खिडकीत आणखी एकदा जाऊन बसायच्या.

"मुद्दाम करता ना?" मी एकदा विचारलं.

"मुद्दाम केलं असतं तर कधीच पकडली गेले असते."

सगळे त्यांना आत्या म्हणायचे, म्हणून मीही. त्यांच्या थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्यानं घेतली आहे. भावाला त्या दादा म्हणायच्या. माझेही ते दादाच झाले. मी साहित्य शिकले आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. नोकरीसाठी या शहरात आले, त्याच्या पुढच्याच वर्षी आत्या आल्या. यजमान गेले होते. मूलबाळ नव्हतं. गावातलं पडद्यांचं दुकान त्यांनी बंद केलं, शिवणयंत्र गादीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. "मी मागं यंत्रापाशी बसणार होते," त्या म्हणाल्या. "पण तो ड्रायव्हर म्हणाला, आजी, तुम्ही नाजूक सामान आहात."

त्यांच्या दुकानाचं मागचं दार रुळांवर उघडायचं. लग्न झाल्यापासून रोजचं शिवण त्यांनी गाड्या बघत केलं. दादांच्या घरातून गाडी ऐकू येते, पण दिसत नाही.

"शेजारी भांडण चाललंय आणि मधे भिंत, तसं वाटतं," आत्या म्हणाल्या. दुसऱ्याच सकाळी जिन्यात मला अडवून त्यांनी विचारलं, "या शहरात गाड्या बघायला चांगली जागा कुठाय?"

"स्टेशन."

"स्टेशनात गाडी थांबते गं. मला जाताना बघायचीय."

मला सांगता येईना. मीही नवीनच होते. मग त्यांनी स्वतःच वाट काढली. रुळांच्या कडेची माणसं धुळीनं आणि आवाजानं वैतागलेली असतात, त्यांना जाड, अस्तराचे पडदे हवे असतात. आत्यांनी कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला सांगून ठेवलं: रुळांकडचं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे पाठव, मी घरी जाऊन माप घेईन. बाकीच्यांना दुसरा शिंपी दे.

"बाकीच्यांनी काय पाप केलंय?" कापडवाल्यानं विचारलं.

"त्यांच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्याची खिडकी."

अशा रीतीनं हे शहर आत्यांना मागच्या बाजूनं कळत गेलं. लोकांना रस्ते माहीत असतात. आत्यांना न्हाणीघरांच्या खिडक्या, गच्च्या, कपडे वाळत घालायच्या गॅलऱ्या माहीत होत्या. सुट्टीच्या दिवशी मी टेपचं दुसरं टोक धरायला जायची. त्यांना तशी गरज नव्हती. मला होती. या शहरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

चांगल्या जागेचे त्यांचे नियम होते. वळण हवं, म्हणजे गाडी अख्खी दिसते. टेकायला काहीतरी हवं. दुपारनंतर ऊन पाठीवर यायला हवं. आणि कुणी "कुणाची वाट बघताय?" असं विचारता कामा नये. या शेवटच्या नियमात बऱ्याच जागा बाद झाल्या.

पिठाच्या गिरणीमागचा पादचारी पूल आम्हाला असाच सापडला. डोळ्यांच्या दवाखान्याची गच्चीही सापडली. तिथे पट्टी बांधलेले पेशंट उन्हाला बसायचे, गाडी आली की मान वळवायचे आणि आत्या त्यांना गाडीचा रंग सांगायच्या. एका धोब्याची वरची खोली होती. तिच्या खिडकीतून रूळ इतके जवळ की इस्त्रीच्या टेबलावरची बटणं थरथरत पुढे सरकायची. धोबी म्हणाला, "गेली तीस वर्षं या आवाजानं झोप नाही." आत्या म्हणाल्या, "नशीबवान आहात." त्याला वाटलं त्या थट्टा करतायत.

स्टेशनंही बघितली. या शहरात ती पुष्कळ आहेत. काही चालू, काही कधीच बंद पडलेली. एकात आता टपाल कचेरी आहे. तिकिटाच्या खिडकीतूनच तिकिटं देतात, फक्त पाकिटावर लावायची. एकाचे बिडाचे खांब अजून उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये मुलं सायकली शिकतात. प्रत्येक ठिकाणी आत्या आधी वर बघायच्या. मग मान हलवायच्या. "हे नाही."

"काय शोधताय?" हे मी बरेच दिवस विचारलं नाही. एका दुपारी पुलावर त्यांनीच सांगितलं. गाडी यायला वेळ होता.

लहानपणी त्या एकदाच या शहरात आल्या होत्या. आई आजारी होती. तिला इथल्या मोठ्या इस्पितळात आणत होते. आई, वडील आणि दोन्ही मुलं. स्टेशनात उतरल्यावर वडील दादांना घेऊन गाडी ठरवायला गेले. आत्या आईपाशी बाकावर राहिल्या, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. वर छपराला लाकडी झालर होती. प्रत्येक फळीचं खालचं टोक थेंबासारखं कापलेलं, आणि थेंबाच्या पोटात एक भोक. भोकातून आभाळ दिसायचं. आई बोट वर करून एकेक थेंब दाखवत होती आणि म्हणत होती, हा पडला, हा पडला, आता हा पडणार.

"तिचा चेहरा नाही आठवत मला," आत्या म्हणाल्या. "बोट आठवतं. आणि ते थेंब. बाकी सगळं लोकांनी सांगितलेलं. एवढंच माझं."

आई इस्पितळातून घरी आली नाही.

आत्यांच्या प्रत्येक पडद्याला वर झालर असते, आणि प्रत्येक झालरीला थेंब. मला तो त्यांचा नमुना वाटायचा. नमुना पुठ्ठ्याचा होता. कडा झिजल्या की त्या जुन्यावरून नवा कापायच्या.

"दर वेळी थोडा सरकत असणार," त्या म्हणाल्या. "आता यातला आईचा थेंब किती आणि माझा किती, मलाच कळत नाही. खरा एकदा बघायला हवा."

"दादांना विचारा ना. ते मोठे होते."

"त्याला विचारूनच तर हे सगळं झालंय."

ते मी त्याच संध्याकाळी ऐकलं. जेवताना आत्यांनी विषय काढला. दादांनी भाकरी मोडता मोडताच मान हलवली. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, माझ्याकडे बघून डोळे मिटले. हे भांडण त्यांना पाठ होतं.

"थेंब नव्हते," दादा म्हणाले. "भाले होते. टोकदार. मी चांगला मोठा होतो, माझ्या डोळ्यांसमोर आहेत."

"थेंब होते."

"तू एवढीशी होतीस. तुला नाकातला शेंबूड आठवत नाही, आणि झालर आठवते?"

"शेंबूड तुझ्या बाहीला पुसायची मी. तेही आठवतं."

"अगं, मी तुला सांगितलं आईबद्दल. रात्री रडायचीस म्हणून सांगायचो. मी दिलेल्या कापडाचाच तू झगा शिवलास आणि आता म्हणतेस, कापडही माझं."

 आत्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला खिडकीत ठेवला.

मला तेव्हा कळलं की त्या नुसतं स्टेशन शोधत नव्हत्या. झालर भाल्यांची निघाली असती, तर आईचं बोटही गेलं असतं.

पुढच्या सुट्टीला दादा आम्हाला मोठ्या स्टेशनात घेऊन गेले. ते हेच होतं, अशी त्यांची खात्री होती. घड्याळाचा मनोरा, उंच कमानी, फोटो काढणारी माणसं. बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. पण फलाटांवर सगळीकडे नवा पत्रा होता.

"झालर काढली असेल," दादा म्हणाले. "मग आता भांडण मिटलं. ना तुझे थेंब, ना माझे भाले."

"आपल्या स्टेशनला एकच फलाट होता. बाकामागे भिंत होती. गार लागायची पाठीला."

"तुझी पाठ आईच्या मांडीवर होती म्हणालीस ना?"

"डोकं मांडीवर होतं. माणसाला पाठ वेगळी असते, दादा."

परत येताना दोघं बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसले. मी मधे उभी होते.

ते स्टेशन आम्हाला शोधून सापडलं नाही. माप घेताना सापडलं.

शाळेतल्या एक बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा हवा होता. खाली लाकडाची वखार होती, तिच्यापलीकडे रूळ. आत्या स्टुलावर चढल्या. मी खाली टेप धरला. मालगाडी आली. लांबलचक, संथ. टेपचं वरचं टोक सुटून माझ्या डोक्यावर पडलं. मला सवय होती. गाडी गेली. आत्या खाली उतरल्या नाहीत.

"लांबी किती झाली?" बाईंनी विचारलं.

आत्यांनी कुठलातरी आकडा सांगितला.

जिन्यात त्या म्हणाल्या, "वखारीचं मागचं छप्पर बघितलंस?"

"नाही."

"कडेला काहीतरी होतं. मधे ओंडक्यांची रास आहे. गाडीच्या धक्क्यानं रास हलली तेव्हा दिसलं. की मला हवं म्हणून दिसलं, देव जाणे."

रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. वखारीला पत्र्याचं उंच कुंपण होतं आणि त्यावर रंगाच्या कंपनीची जाहिरात. आत्यांनी आत जायचा आग्रह धरला नाही. मला नवल वाटलं. घरी येऊन त्यांनी तो पडदा शिवायला घेतला आणि नेहमीपेक्षा हळू शिवला. त्यांना भीती वाटत होती, हे कळायला मला वेळ लागला.

पडदा लावायला गेलो. तो वीतभर आखूड होता.

"आत्या," बाई म्हणाल्या, "हा पडदा खिडकीत उभा राहून वाकून खाली बघतोय असं वाटतंय."

"त्याचं चुकलं नाही," आत्या म्हणाल्या. "खाली बघण्यासारखं आहे."

त्यांनी खिडकीतून बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "दादाला बोलाव. मी एकटी नाही जाणार. मी काही बघितलं तरी तो म्हणेल, मनचं सांगतेय."

दादा कुरकुरत आले. वखारवाला तरुण होता, कानामागे पेन्सिल. आत्यांच्या गळ्यातला टेप बघून त्यानं विचारलं, "पडदे लावायचेत? इथे?"

"इथे आधीच लागलेत की नाही, ते बघायचंय."

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं दार उघडलं. रस्त्याच्या बाजूला, कुंपणाच्या आत, जुना पोर्च होता. विटांच्या दोन कमानी. छपराच्या कडेला लाकडी झालर. बऱ्याच फळ्या गळालेल्या. उरलेल्यांची टोकं भाल्यासारखी होती.

दादा थांबले. त्यांनी बोट वर केलं आणि लगेच खाली घेतलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघ. आत्या त्या भाल्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत पुठ्ठ्याचा नमुना. त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

"चल," दादा म्हणाले. आवाज मऊ होता. "चल, घरी जाऊ."

"बाक कुठाय?" आत्या म्हणाल्या.

"काय?"

"इथे बाक नाही, दादा. भिंत नाही. आई कुठे बसली होती?"

वखारवाल्यानं मागचं दार दाखवलं. आम्ही फळ्यांच्या ढिगाऱ्यांमधून, भुश्शातून गेलो. पलीकडे फलाट होता. एकच. त्यावर सागाचे ओंडके रचलेले. भिंतीला लागून दगडी बाक होता, त्यावर वखारीतल्या माणसांचे डबे ठेवलेले.

या वेळी आत्यांनी वर बघितलं नाही. डबे बाजूला सरकवले, बाकावर बसल्या, भिंतीला पाठ लावली. मग मान मागे टाकली.

थेंब होते. रांगेनं, छपराच्या पूर्ण कडेला. प्रत्येकाच्या पोटात भोक. भोकातून आभाळ.

आत्यांनी नमुना काढला आणि एक डोळा मिटून वर धरला. "अस्सल जरा जाड आहे," त्या म्हणाल्या. "आणि भोक खाली. मी वर चढवत गेले." एवढंच. जणू कुणाचं माप घेत होत्या.

दादा उभेच होते. मागे वळून दाराकडे बघत होते, जिथून आम्ही आत आलो होतो.

"मला बाबांनी सामानापाशी उभं केलं होतं," ते म्हणाले. "बाहेर. हलू नकोस म्हणाले. मी हललो नाही. उतरलो तो बाबांच्या मागं धावतच बाहेर आलो, परत आत आलोच नाही मी. आईला मग थेट गाडीत बसताना बघितलं."

आत्यांनी बाजूला सरकून जागा केली. दादा बसले. आत्यांनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना मागे टेकवलं.

"आता वर बघ."

दादांनी वर बघितलं.

"काय म्हणाली होती ती?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. सांगायचं काम नेहमी त्यांचं होतं.

"हा पडला," आत्या म्हणाल्या. "हा पडला. आता हा पडणार."

वखारवाला मला हळूच म्हणाला, "एखादी फळी हवी असेल तर काढून देतो. पडायलाच आल्यात."

"नको," आत्यांनी तिथूनच सांगितलं. त्यांचे कान फार तिखट. "पडतील तेव्हा पडतील."

तेवढ्यात गाडी आली. त्या स्टेशनात ती थांबत नाही, जाते. आत्यांनी गार्डाला हात केला. दादांनीही केला. गार्डानं दोघांना मिळून एकच हात केला. बसमध्ये घरापर्यंत त्यावरून वाद चालला की तो कुणाला होता. दोघं एकाच बाकावर बसले होते.

नंतरचे दिवस घरात हलके होते. आत्या वखारीत मधूनमधून जायच्या. वखारवाल्यानं बाक मोकळा ठेवायला सुरुवात केली. त्यानं कधी विचारलं नाही, कुणाची वाट बघताय. म्हणजे नियमात बसणारी ती जागा होती.

शाळेतल्या बाईंच्या पडद्याला पट्टी जोडून झाली. मग आत्यांनी जाहीर केलं की दादांच्या खोलीला पडदा शिवणार.

"माझ्या खिडकीतून गाडी दिसत नाही," दादा म्हणाले. "मला बाकीच्यांतला शिंपी दे."

"तुझा पडदा बरोबर मापाचा होईल. पहिल्यांदाच."

झालर दुहेरी करायची ठरलं. रस्त्याच्या बाजूनं, म्हणजे बाहेरून दिसेल अशी, भाल्यांची. आतून थेंबांची. दादा पलंगावर आडवे झाले की त्यांना थेंब दिसावेत. थेंबासाठी आत्यांनी नवा पुठ्ठा कापला. जाड, आणि भोक खाली. या वेळी जुन्यावरून नाही.

भाले कापून झाले. त्यांना टीपही घालून झाली. दादा रोज येऊन बघून जायचे आणि सांगायचे, टोक अजून बारीक हवं. आत्या म्हणायच्या, तू बाहेर उभा राहून बघ, तुला सवय आहे.

मग ती दुपार. आत्या टेबलापासून उठल्या, वहिनींना म्हणाल्या, जरा पडते. मी छापखान्यात होते. वहिनी चहा घेऊन गेल्या, तेव्हा त्या उठल्या नाहीत.

मी आले तेव्हा घरात शेजारचे लोक होते. मला काय करावं ते कळेना. मी खिडक्यांमधले कप गोळा केले. सगळे मिळाले. मग धुतले.

त्यांची खोली तशीच आहे. दादा कुणाला काही हलवू देत नाहीत. टेबलावर आतल्या झालरीचं कापड अंथरलेलं आहे, पांढऱ्या खडूनं थेंब आखलेले. पहिला पूर्ण कापलेला आहे. दुसऱ्याच्या अर्ध्या गोलाईपर्यंत कात्री गेली आहे. तिथेच ती ठेवलेली आहे, मिटलेली.

खडू पुसट होत चालला आहे. वहिनींनी खिडकी लावून घेतली, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. तरी शेवटचे थेंब आता नीट दिसत नाहीत. काल दादा दारात उभे राहून मला म्हणाले, "तुला कापता येतं का गं?"

मी म्हणाले, मला फक्त टेपचं दुसरं टोक धरता येतं.

ते आत गेले. पुठ्ठ्याचा नवा नमुना उचलला, पुसट झालेल्या थेंबावर ठेवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. मी खडू शोधून दिला. त्यांनी पुन्हा आखलं. कात्रीला दोघांनीही हात लावला नाही.